बाईंच्या ओळी सरकल्या तेव्हा

अगं गौतमी, तू आधी ऐक फक्त. चहा गार झाला तर होऊ दे. मधे बोललीस तर मला पुढचं सांगताच यायचं नाही.

तर मी दारातून आत गेले, आणि बाई कंप्युटरसमोर बसलेल्या. उजव्या हाताचं बोट स्पेसबारवर, डावा हात मांडीवर, ताल धरलेला. एक दोन तीन चार करत आठपर्यंत जायच्या, थांबायच्या, स्क्रीनकडे बघायच्या आणि परत एकपासून. मी आलेय हे कळलंसुद्धा नाही त्यांना. मी म्हटलं, "बाई?" तर मान न वळवताच म्हणाल्या, "आलीस? चप्पल बाहेर काढलीस का? बस. ही ओळ बघ आणि सांग, सम कुठाय?"

बाई म्हणजे कुमुदबाई म्हैसाळकर. मिरजेत गाणं शिकलेल्या कुणालाही विचार. मी चौथीत असताना आई मला त्यांच्याकडे पाठवायची. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर घर, खाली दुकान, जिन्यात सुकायला ठेवलेले हे एवढाले भोपळे. दोन वर्षं शिकवलं मला आणि मग आईला बोलावून सांगितलं, "हिला ताल आहे हो, पण गळा देवाने द्यायचा राहिला. उगाच पोरीचा वेळ नका घालवू." मला एवढा आनंद झाला होता! पण जाणं-येणं राहिलं. आणि पुढे मी हे कंप्युटरचं शिकले म्हटल्यावर तर मी त्यांची हक्काची मेकॅनिकच झाले. माऊस चालेना, ऋजूला बोलवा. आवाज येईना, ऋजूला बोलवा.

तर मी वाकून बघितलं. वर शब्दांची ओळ, 'निरखत द्वार सखी मोरी', बाईंनी स्वतः बांधलेली चीज. त्याच्या खाली मात्रांचे आकडे आणि समेची फुली. आता सम 'मो'वर हवी ना? पण फुली कुठे, तर 'मोरी' संपून पुढे गेलेली. रिकाम्या जागेखाली.

मी म्हटलं, "पुढे गेलीय, बाई."

"गेलीय ना?" बाई म्हणाल्या. "आणि हे लिहिलंय कोणी? मी. याच हातांनी. एकशेवीस चिजा लिहिल्यात अशा. रोज एक उघडते आणि रोज कुठेतरी सम वाऱ्यावर. आता मला सांग, ज्या बाईला स्वतःच्या चिजेची सम सापडत नाही, तिने पोरींना काय शिकवायचं?"

मग मला कळलं त्यांच्या मुलीने, वैजूताईने, फोनवर काय सांगायचा प्रयत्न केला होता ते. ती म्हणाली होती, "ऋजू, आईने शिकवणं बंद केलंय गं. सगळ्यांना परत पाठवलं. म्हणते, माझा ताल सुटला. हल्ली विसरतेही बारीकसारीक. मी पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तू तेवढं कंप्युटरचं बघून जा, तिच्या समाधानासाठी."

समाधानासाठी! आणि मी आपली बघत बसले त्या ओळींकडे.

आता बाई ज्यात टाईप करायच्या तो एडिटर, तो लिहायचा प्रोग्रॅम, कसला ते तुला सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाईंच्या कुठल्याशा शिष्याने बसवून दिला होता. साधा, फुकट, जगभरातली माणसं आपापल्या वेळेत बनवतात ना तसला. त्यात ठळक नाही, तिरपं नाही, रंगीत नाही. नुसती अक्षरं, आणि प्रत्येक अक्षर एका मापाच्या खणात. चौकटीच्या वहीसारखं. बाईंना म्हणूनच आवडला. त्या म्हणायच्या, "त्या दुसऱ्यात मी एक शब्द घातला की सगळं पान नाचायला लागतं. हा शहाणा आहे. ठेवलं तिथे राहतो." मग वर शब्द, खाली मात्रा, आणि दोन्ही एकाखाली एक यावेत म्हणून मधे मधे स्पेस मारायच्या. त्यातही बाईंची एक खोड होती. काही शब्द त्या मुद्दाम मात्रेच्या किंचित पुढे लिहायच्या, का तर तो शब्द जरा उशिरा यायला हवा. "नवरी उंबऱ्यावर रेंगाळते ना, तसा आला पाहिजे. धाडकन आत आली तर ती नवरी कसली, ती जप्तीवाली." एक एक स्पेस त्यांनी अशी गाऊन मारलेली होती, गौतमी.

मी फाइली उघडत गेले. सगळ्याच ओळी सरकलेल्या नव्हत्या. 'घर घर नगर जगत सब' ही ओळ अगदी जागेवर, एका केसाने हललेली नाही. 'निरखत द्वार' हललेली. तिसऱ्या एका चिजेत 'श्याम', 'प्रीती', 'ज्योती' असे शब्द, ती तर पार वाहून गेलेली. मी म्हटलं, थांब, हे काय आहे? ज्या ओळीत काना-वेलांट्या आणि जोडाक्षरं जास्त, ती जास्त सरकलेली. ज्या ओळीत नुसती सुटी अक्षरं, ती जागेवर. आता माणसाचा ताल सुटला तर तो वेलांटी बघून सुटतो का?

मी मदतीच्या पानावर जाऊन आवृत्ती बघितली. नवी होती. खाली बारीक अक्षरात काय काय बदललं त्याची यादी, आणि त्यात एक ओळ, की भारतीय लिप्यांमधली अक्षरं आता योग्य जागा घेतील. संपलं! आधी काय होतं, 'द्वा' म्हटलं की हा एडिटर द, त्याचा पाय मोडायची खूण, व आणि काना असे चार खण अडवायचा. दिसायला घाण दिसायचं, मधे भोकं पडलेली. बाईंना वाटायचं मराठी कंप्युटरवर अशीच दिसते. त्या भोकांसकट त्यांनी खालच्या मात्रा जुळवल्या. आणि मग कुठल्याशा सकाळी 'नवीन आवृत्ती आली आहे' अशी पाटी आली, बाईंनी सभ्य माणसासारखं 'ठीक आहे' दाबलं, आणि भोकं बुजली. 'द्वा' एका खणात बसला. शब्द सगळे डावीकडे आले आणि मात्रा राहिल्या होत्या तिथेच.

मी खुर्चीवरून उठलेच. "बाई! ताल तुमचा नाही सुटला! अपडेट झालंय!"

"काय झालंय?"

मी सगळं समजावलं. कागदावर खण काढून दाखवले. बाई ऐकत होत्या, आणि चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे हे मशीनने केलं?"

"मशीननेच."

"मी नाही?"

"तुम्ही नाही."

पुढे काय झालं माहितीये? त्या उठल्या, तंबोरा घेतला, गवसणी बाजूला टाकली आणि 'निरखत द्वार' सुरू केलं. आणि 'मोरी'वर अशा समेला आल्या ना, की खालून दुकानातून म्हातारे शिकलगारचाचा ओरडले, "वाह, बाई! किती दिवसांनी!" बाई गाता गाताच रडत होत्या आणि मला हाताने खुणावत होत्या, हसू नकोस म्हणून. मी कुठली हसतेय.

वैजूताई बँकेतून आली, तिला सांगितलं, तर ती जिन्यातच बसली. म्हणाली, "बाई गं, एका स्पेसबारसाठी मी रात्ररात्र झोपले नाही." आणि तिथूनच दवाखान्यात फोन केला आणि वेळ रद्द केली. माझ्यासमोर.

आता मला वाटलं संपलं. पण बाई म्हणाल्या, "एक घोटाळा आहे. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून इतके महिने मी हाताने सुधारत बसले होते. कुठली ओळ सुधारली, कुठली नाही, आता आठवत नाही."

हे बघ, असं कोण करतं? तू किंवा मी असतो तर फाइल बिघडली म्हटल्यावर पहिली शिवी कंप्युटरला घातली असती. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली त्यांना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकलेल्या मात्रा धरल्या, आता आपली चुकली म्हणून दार लावून एक एक ओळ नीट करत बसल्या.

पण मी म्हटलं काळजी नको, जुनं-नवं शेजारी लावून बघते मी. हा एडिटर सेव्ह करताना दर वेळी जुनी प्रत बाजूला ठेवतो, तारखेसकट. म्हणजे बिघडायच्या आधीच्या सगळ्या प्रती शाबूत होत्या. मी त्या एडिटरच्या चर्चेच्या पानावर जाऊन विचारलं, जुना हिशोब कसा होता? तर पोलंडचा एक मुलगा, मारेक म्हणून, त्यानेच ही दुरुस्ती केलेली. बिचारा म्हणाला, "पण आता बरोबर झालंय ना?" मी म्हटलं, "बरोबरच झालंय रे, तोच तर त्रास आहे." मग त्याने मोजणीच्या जुन्या कोडचा तुकडा शोधून दिला, आणि म्हणाला तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा, मला माहीत नव्हतं आमच्या चुकीवर कुणी घर बांधलंय.

मी घरी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जुनी प्रत घ्यायची, पूर्वी कुठलं अक्षर किती खण खायचं ते मोजायचं, तेवढ्या स्पेस भरायच्या. चालवला, आणि अगं, एक एक चीज जागेवर! रेंगाळणारे शब्दसुद्धा रेंगाळत होते. मला एवढं भरून आलं. म्हटलं, आता बाईंनी हाताने सुधारलेल्या ओळी शेजारी लावून बघू. दोन्ही सारख्या आल्या म्हणजे माझा प्रोग्रॅम बरोबर.

पहिल्या सुधारलेल्या चिजा लावल्या. तंतोतंत. एका स्पेसचा फरक नाही. मी मनात म्हटलं, काय बाई आहे ही!

मग नंतरच्या लावल्या. एक शब्द इकडे. म्हटलं, असेल, मुद्दाम रेंगाळत ठेवला असेल. दुसरा शब्द. असेल. मग झपतालातली एक चीज आली. झपताल दहा मात्रांचा, हे मलासुद्धा माहितीये, गळा नसलेल्या पोरीला. बाईंनी एका आवर्तनात अकरा लिहिल्या होत्या. पुढच्या आवर्तनात नऊ. आणि तीच ओळ त्यांनी परत सुधारली होती, परत सुधारली होती, त्या प्रतीही होत्याच, आणि दर वेळी वेगळी. एका प्रतीत तर शब्दच नव्हते, नुसते आकडे, एकपासून दहापर्यंत, एकाखाली एक, पान भरून. म्हणजे शाळेतल्या मुलासारखे गिरवलेले.

अकरा मात्रांना काही नवरी रेंगाळत नाही, गौतमी.

मी लॅपटॉप मिटला. आई म्हणाली, "काय गं, चेहरा का असा?" मी म्हटलं, "काही नाही, एरर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ठरवून गेले होते, की सांगायचं. जिन्यातच आवाज आला. बघते तर शिष्य परत आलेले! शिकलगारचाचांची नात झैनब, एक रिटायर झालेले पोस्टमास्तर, आणखी दोघी. बाई मधोमध, नवी साडी, आणि पोस्टमास्तरांना झापत होत्या, "टपाल एवढं उशिरा पोचवत होतात का हो? मग सम का उशिरा गाठताय?" सगळे हसतायत. मला बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या, या. हिने पकडलं बरं का त्या मशीनला. काय गं, लावून बघितलंस ना? माझं आणि तुझं जुळलं का?"

वैजूताई चहाचा ट्रे घेऊन दारात. सगळे माझ्याकडे बघतायत. झैनबने तर टाळ्या वाजवायला हात वर केलेले.

"जुळलं, बाई," मी म्हटलं.

आणि वैजूताईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि तिला सगळं सांगितलं. नऊ, अकरा, ते आकड्यांचं पान. ती ओट्याला धरून उभी. म्हणाली, "पण तू आत्ता तर..."

"हो, ताई. चार माणसांत कसं सांगू? पण ती डॉक्टरची वेळ परत घ्या. आजच घ्या."

तिने घेतली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि जे सांगायचं ते सांगितलं. सुरुवात आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी थोडं रेंगाळेल. 'रेंगाळेल', हाच शब्द त्यांनी वापरला, आणि वैजूताईला तिथे हुंदका आला, डॉक्टरांना कळेचना का. गाडीत बाईंनी विचारलं, काय म्हणाला गं? वैजूताई म्हणाली, "रक्त कमी आहे." आणि मला फोन करून म्हणाली, "ऋजू, तिला मशीनच सांगत राहू या. तेवढ्यावर उभी आहे ती."

मग काय, मी दर रविवारी जायला लागले, मशीन दुरुस्त करायला. मशीनला काय झालं होतं? काही नाही. ते ठणठणीत होतं. मी बसायचे, दोन कळा दाबायचे, बाईंनी आठवड्यात केलेल्या 'सुधारणा' बाजूला ठेवायचे आणि जुनी बरोबर ओळ परत आणायचे. बाई विचारायच्या, "परत अपडेट?" मी म्हणायचे, "परत." पुढे पुढे त्यांना तो शब्दच सापडला. आमटीत दोनदा मीठ पडलं, "अपडेट झालं वाटतं." झैनबला शबनम म्हणाल्या, शबनम म्हणजे तिची आई, तीस वर्षांपूर्वीची शिष्या, तर स्वतःच हसून म्हणाल्या, "अपडेट, अपडेट!" पोरी हसायच्या. झैनब नाही हसायची. ती मान खाली घालून तंबोरा छेडत राहायची. तिला कळलं होतं.

असं दीड वर्ष. शिष्य एक एक करून कमी झाले, बाईंना ते लक्षात येत नव्हतं, बरंच झालं म्हणायचं. चिजांचं पुस्तक मात्र तयार होत आलं, जुन्या प्रतींवरून.

आणि मग एक रविवार. सकाळची वेळ, खाली दुकानात भोपळा तासायचा तो खरखर आवाज. बाई माझ्या शेजारी स्टुलावर. त्या दिवशी डोळे असे स्वच्छ होते ना, मी चौथीत असताना होते तसे. म्हणाल्या, "ऋजू, हात काढ त्या कळांवरून."

मी काढला.

"मशीनला काही झालेलं नाही. हो ना?"

मी स्क्रीनकडे बघितलं.

"घाबरू नकोस. वैजू बाजारात गेलीय. मला रोज नाही कळत, आज कळतंय, तेवढ्यात विचारून घेते. मी पोरींना नेहमी सांगत आले, चुकलं तर चुकलं म्हणा, तबलजीकडे बघू नका. आणि मी स्वतः दीड वर्ष मशीनकडे बघतेय. खरं सांग. मशीन की मी?"

मी म्हटलं, "दोन्ही, बाई." खोटं नव्हतं ते. अपडेट झालंच होतं की.

बाईंनी मान हलवली. म्हटलं सुटले. पण त्या बाई आहेत. म्हणाल्या, "दोन्ही. बरं. आधी कोण?"

गौतमी, मी तुला एक गोष्ट सांगितली नाहीये. कुणालाच नाही सांगितली, वैजूताईलासुद्धा नाही. त्या जुन्या प्रतींवर तारखा होत्या ना? अपडेटच्या कितीतरी आधीची एक प्रत होती. दादऱ्यातली छोटीशी चीज, सहा मात्रांची, लहान मुलींना शिकवायची. त्यात सात होत्या. मशीन तेव्हा जुनंच होतं, कुणी कशाला हात लावलेला नव्हता. आणि त्याच दिवशी थोड्या वेळाने त्यांनी ती पुसून नीट केलेली. म्हणजे त्या दिवशी त्यांना कळलं होतं. नंतर विसरल्या, किंवा मी मशीनचं नाव घेतलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं असेल, मला नाही माहीत.

आणि त्या विचारतायत, आधी कोण. मांडीवर हात, ताल नाही धरलेला, नुसता ठेवलेला. माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मला दिसतंय की हे डोळे फार वेळ असे राहणार नाहीत. दुपारपर्यंत त्या हा प्रश्नसुद्धा विसरतील. मी काहीही सांगितलं तरी विसरतील. पण आत्ता, या घटकेला, त्या त्याच आहेत, आणि त्यांनी मला विचारलंय.

मी म्हटलं, "तुम्ही, बाई."

त्यांनी डोळे मिटले. मग माझा हात घेतला, त्याच्यावर दोन बोटांनी हळूच ठेका धरला, आणि कितीव्या मात्रेवर थांबल्या ते मी मोजलं नाही. जिन्यात वैजूताईची पावलं वाजली तशा म्हणाल्या, "हिला नको सांगूस मला कळलंय म्हणून. ती मशीनच्या आधारावर उभी आहे गं."

दुपारी जेवताना मीठ मागितलं, मिळालं, परत मागितलं. मग माझ्याकडे बघून हसल्या. "अपडेट झालं वाटतं!" आता त्या खरंच विसरल्या होत्या, का वैजूताईसाठी बोलल्या, मला आजही कळलेलं नाही. त्यानंतर तसे डोळे मी परत बघितले नाहीत. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मला विचारलं, "कुणाचं गं?"

तर आता बोल. तुझ्या आईचंही आता असंच झालंय, तिची तू अशीच समजूत घालत असतेस, म्हणून तुलाच विचारतेय. त्या स्टुलावर त्या बसल्यात, डोळे स्वच्छ आहेत, आणि तुला विचारतायत, आधी कोण. तू काय सांगितलं असतंस?